बाहेरचा डायनिंग सेट घेताय? आधी खुर्ची उलटी करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १२ बाय १० फुटांचा उघडा पॅटिओ (घराबाहेरची फरशी घातलेली बसायची जागा), दुपारनंतर कडक ऊन, पाऊस थेट अंगावर, सहा जण बसले पाहिजेत, सेट दर दोन-तीन वर्षांनी बदलायची इच्छा नाही आणि सागवान, ॲल्युमिनियम की विकर (वेताचं किंवा वेतासारखं विणलेलं) हे काही केल्या ठरत नाहीये. मी बाहेरचं फर्निचर बनवतो आणि बनवण्यापेक्षा दुरुस्तच जास्त करतो, त्यामुळे माझं उत्तर शोरूममधल्या माणसापेक्षा वेगळं येणार, त्याच्याकडे सेट नवा असताना असतो आणि माझ्याकडे येतो तेव्हा त्याचा एक पाय गेलेला असतो.

तर तुटलेलं इतकं बघून माझं मत असं झालंय की मटेरियल कुठलं हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न पाणी कुठे थांबतं हा. पायाच्या तळाशी, पाईपच्या पोटात, दोन फळ्या एकमेकींना टेकतात तिथे, स्क्रूच्या भोकात, गादीच्या खाली. महागातलं लाकूडसुद्धा अशा एका जागेवरून कुजतं आणि साधासा सेट पाणी झटकन निघून जात असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून दुकानात गेलात की आधी खुर्चीवर बसू नका, ती उलटी करा. लोक बघतील, बघू दे. वरची बाजू सगळ्यांचीच चकाचक असते, कंपनीने कुठे हात आखडता घेतलाय ते खालूनच कळतं.

उलटी केल्यावर काय बघायचं? पायाचं बूच बघा, नायलॉनचं घट्ट बसलेलं आहे का नुसतं प्लास्टिकचं टोपण आहे. पाईपचा पाय असेल तर खाली पाणी निघायला छोटं भोक हवं. पाईप वरून एकदम बंद दिसतो पण वेल्डिंगच्या बारीक फटीतून, स्क्रूच्या भोकातून पाणी आत जातंच, आणि रात्री हवा थंड झाली की आतल्या दमटपणाचंही पाणी होतं, त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर ते पायातच बसून राहतं. लोखंडी पाईप असेल तर तो आतून गंजतो, तुम्ही बाहेरून रंग मारत बसता आणि एक दिवस पाय जमिनीजवळ मुडपतो. जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथे तर ते गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ॲल्युमिनियमचा पाईपसुद्धा उभा फाडतं. एवढंसं भोक, पण ते पाडलेलं असेल तर बनवणाऱ्याने डोकं वापरलंय असं समजायला हरकत नाही.

मग जोड बघा. वेल्डिंग सांध्याभोवती पूर्ण फिरलेलं हवं, नुसते दोन-तीन टाके मारून वर पुट्टी आणि रंग असेल तर खुर्ची मागे रेलून बसणाऱ्यांच्या वजनाने काही काळात सुटते. लाकडात एका तुकड्याला खाच आणि दुसऱ्याचं टोक त्यात आतपर्यंत बसवलेलं, असा जोड सगळ्यात भरवशाचा. नुसता स्क्रू आणि गोंद असेल तर लाकूड दमटपणात फुगणार, उन्हात आक्रसणार आणि दरवेळी स्क्रू थोडा थोडा सैल होणार. आणि स्क्रू-बोल्ट कसले आहेत ते विचाराच. पिवळसर किंवा चंदेरी मुलामा दिलेले साधे लोखंडी स्क्रू बाहेरच्या सामानात मला अजिबात चालत नाहीत, स्टेनलेस हवेत. लोखंड आणि सागाचा ओलावा एकत्र आला की स्क्रूभोवती काळे डाग पडतात, ते लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट घटकामुळे, आणि नुसत्या धुण्याने जात नाहीत.

आता मटेरियलकडे येतो.

सागवान. ह्याची कीर्ती खरी आहे पण ती झाडाच्या गाभ्यातल्या लाकडाची आहे. गाभ्यात नैसर्गिक तेलकट घटक भरपूर असतात, ते पाणी, बुरशी आणि वाळवीला थोपवून धरतात (त्यात सिलिकाही असते, आमच्या पात्यांची धार त्यातच जाते). सालीलगतचं फिकट पांढरट लाकूडही सागाचंच असतं पण त्यात हा गुण नसतो आणि ते बाहेर लवकर कुजतं. कमी वयाच्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. म्हणजे बिलावर सागवान लिहिलंय म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, फळ्या बघायच्या, सोनेरी-तपकिरी रंग सगळीकडे साधारण सारखा हवा, मधेच पांढरे पट्टे असतील आणि ते रंगवून दडवलेले असतील तर सोडून द्या. खरं तर गडद स्टेन मारलेला सागवान दिसला की मला आधी संशयच येतो, चांगलं लाकूड कुणी झाकत नाही.

सागाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात ते तेलाबद्दल. साग बाहेर ठेवला की काही महिन्यांत राखाडी होतो. उन्हाने वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे धरून ठेवणारा घटक, तुटतं आणि पाऊस ते धुऊन नेतो, हे अगदी वरच्या पापुद्र्यापुरतं असतं, आतलं लाकूड जसंच्या तसं राहतं. तेल लावलं नाही तर साग खराब होईल ही भीती सोडा. टीक ऑइल म्हणून डबे मिळतात त्यात बहुतेक वेळा जवसाचं किंवा टंग नावाचं तेल आणि सॉल्व्हंट असतं, लाकूड छान दिसतं, पण थोड्या दिवसांत रंग पुन्हा उतरतो आणि दमट जागेत त्या तेलावर काळी बुरशी धरते. सोनेरी रंगच हवा असेल तर उन्हापासून संरक्षण देणारा, पाण्यावर आधारित सीलर मिळतो तो लावा, पण ते दरवर्षीचं काम आहे हे धरून चला. व्हार्निश मात्र नको, बाहेर त्याचा पापुद्रा फुगून सुटतो आणि मग सगळं घासून काढण्यात तुमच्या सुट्ट्या जातात. आणि एक, नवा साग पहिल्या काही पावसांत तपकिरी पाणी सोडतो. पॅटिओची फरशी फिकट दगडाची किंवा काँक्रीटची असेल तर डाग पडतात, तेव्हा पहिले काही पाऊस तो दुसरीकडे भिजू द्या किंवा खाली काहीतरी अंथरा.

अकेशिया आणि निलगिरीचे सेट सागापेक्षा स्वस्त म्हणून घेतले जातात. छपराखाली ठीक आहेत. तुमच्यासारख्या उघड्या जागेत त्यांना नियमित तेल लागतं आणि ते नाही दिलं तर टोकांना चिरा पडतात. ते तेलपाणी करायचा उत्साह पहिल्या वर्षानंतर किती जणांत उरतो ते तुम्हीच बघा.

ॲल्युमिनियम तुमच्या जागेसाठी मला सगळ्यात सोयीचं वाटतं. ते गंजत नाही म्हणतात ते लोखंडासारखं गंजत नाही एवढ्या अर्थाने बरोबर, त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बनतो आणि तोच त्याला जपतो. ओळखायचं कसं, तर खिशात छोटा लोहचुंबक ठेवा, ॲल्युमिनियमला चिकटत नाही, रंगवलेल्या लोखंडाला लगेच चिकटतो. बऱ्याच सेटवर नुसतं मेटल फ्रेम असं लिहिलेलं असतं, तिथे हा चुंबक फार कामाला येतो. पाईपची जाडी दीड ते दोन मिलीमीटर असेल तर उत्तम, फार पातळ असेल तर खुर्ची एका हाताच्या दोन बोटांवर उचलली जाते आणि वाऱ्याला सुद्धा तितकीच सहज उचलली जाते. ओतीव ॲल्युमिनियमच्या नक्षीदार खुर्च्या जड असतात, वारा जास्त असेल तिथे त्या बऱ्या, पण नक्षीच्या खाचांत धूळ आणि शेवाळं बसतं, ब्रश घेऊन बसायची तयारी ठेवा.

त्यावरचं पावडर कोटिंग, म्हणजे पूड मारून भट्टीत भाजून बसवलेला रंग, हा सेटचा कपडा आहे. चांगल्या कोटिंगची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, ते तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही, पण कोपरे आणि वेल्डिंगच्या खाचा दिसतात, तिथे रंग पातळ पडलेला किंवा धातू उघडा राहिलेला असेल तर समजून जा. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तेवढाच दिसतो. लोखंडावर पडला तर गंज रंगाखालून पसरत जातो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि रंगाला खालून उचलतो. म्हणून लोखंडी सेट घ्यायचाच असेल तर रंगाच्या आधी जस्ताचा थर दिलाय का, म्हणजे गॅल्व्हनाइज केलंय का ते विचारा. नुसतं पावडर कोटेड लोखंड उघड्या पावसात मी सुचवणार नाही.

समुद्र जवळ असेल तर गणित बदलतं. खारी हवा ॲल्युमिनियमवरच्या कोटिंगखाली सुद्धा शिरते आणि बारीक किड्यासारख्या रेषा उमटवते, ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या स्टेनलेस बोल्टभोवती पांढरी पूड दिसायला लागते, कारण दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. मधे नायलॉनचे वॉशर असले की हे बरंच टळतं. स्टेनलेस स्टील घेत असाल तर ३०४ आणि ३१६ ह्या ग्रेडमधला फरक तिथेच कळतो, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि त्यामुळे ते मिठापुढे जास्त टिकतं. ३०४ समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग धरतो, मजबुतीला लगेच धोका नाही पण सारखं पुसावं लागतं. २०१ नावाचा स्वस्त प्रकारही स्टेनलेस म्हणूनच विकला जातो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि बाहेर तो लवकर डागाळतो. इथे लोहचुंबकाचा उपयोग नाही बरं का, २०१ लासुद्धा तो सहसा चिकटत नाही, त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घेणं हाच उपाय.

विकर. खरा वेत उघड्यावर ठेवायचा नाही, तो विषय संपला. कृत्रिम विकरमध्ये पॉलिइथिलीनचं विणकाम आणि पीव्हीसीचं विणकाम हे दोन प्रकार भेटतात. पीव्हीसीत मऊपणासाठी घातलेली रसायनं उन्हात हळूहळू निघून जातात आणि पट्टी कडक होऊन तडकते, पॉलिइथिलीन जास्त टिकतं पण त्यातही उन्हाला तोंड देणारं रसायन मिसळलेलं पाहिजे. कापलेल्या टोकाकडे बघा, रंग आतपर्यंत एकच हवा. आणि विकरखाली सांगाडा कसला आहे? इथेच फसवणूक होते, वरून सुंदर विणलेलं आणि आत साधं लोखंड, ते गंजलं की विणकामातून लाल पाणी गळतं आणि दुरुस्त करायचं तर सगळं विणकाम सोडवावं लागतं, जे कुणी करत नाही. लोहचुंबक विणीवरूनच फिरवा, आतलं लोखंड त्याला जाणवतं. तसंही जेवायच्या जागेसाठी विकर मला फारसं आवडत नाही, खरकट्याचे कण विणीत अडकतात आणि मुंग्या आल्याच.

जाड प्लास्टिकच्या फळ्यांचे, म्हणजे एचडीपीईचे सेट येतात ते लोक प्लास्टिक म्हणून नाकारतात, पण ते बरे असतात. रंग आरपार असतो, कुजत नाहीत, वाळवी नाही, जड असल्याने वाऱ्याने हलत नाहीत. फक्त कडक उन्हात फळी नरम होते आणि आधार लांब लांब असतील तर टेबल मधे झोळ खातं, म्हणून खालचे आडवे आधार मोजून बघा.

टेबलाचा वरचा भाग वेगळा विचार करून घ्या. फटी असलेल्या पट्ट्यांचं टेबल मला उघड्या जागेत सगळ्यात आवडतं कारण पाणी थांबतच नाही, ग्लास ठेवताना जरा जपावं लागतं एवढंच. काचेचं घेतलंत तर काच टफन्डच, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेली हवी, तिच्या कोपऱ्यात तसा कायमचा शिक्का असतो. टफन्ड काच कधीकधी काही न लागताही अचानक फुटते, काचेत अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या बारीक कणामुळे किंवा कडेला बसलेल्या जुन्या टवक्यामुळे, तुकडे बोथट असतात म्हणून मोठी इजा सहसा होत नाही, पण सगळा पॅटिओ झाडावा लागतो. संगमरवर लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या थेंबाने कायमचा निस्तेज होतो, ग्रॅनाइट किंवा सिरॅमिकचा स्लॅब असं करत नाही. छोट्या टाइल्स चिकटवलेलं टेबल दिसतं झकास, पण त्या टाइल्समधल्या भरणातून पाणी खाली जातं आणि मग टाइल एकेक करून वाजायला लागते.

आता मापं, कारण सेट टिकाऊ घेतला आणि खुर्ची मागे सरकत नाही असं झालं तर रोज चिडचिड. एका माणसाला टेबलाच्या कडेला २४ इंच, खुर्ची मागे ओढून उठायला टेबलापासून ३६ इंच. तुमच्या १२ बाय १० मध्ये ६ फूट लांब ३ फूट रुंद टेबल बसतं, चारही बाजूंना ३ फूट धरले तर १२ बाय ९ फूट होतात, म्हणजे अगदी नेमकं. त्याच्यापेक्षा मोठं टेबल घेऊ नका. दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एक-एक बसवा. एका बाजूला हातवाल्या तीन खुर्च्या घालायला गेलात तर टेबलाचे पाय मधे येतात आणि कोपराला कोपर लागतं. टेबलाची उंची २९-३० इंच आणि बसायची जागा १७-१८ इंच असली की मधलं अंतर ११ ते १३ इंच येतं, तेवढं लागतंच. खुर्चीचे हात टेबलाच्या खालच्या पट्टीला आदळतात का तेही आत सरकवून बघा, हे दुकानात कुणीच करत नाही.

पॅटिओला पाणी वाहून जायला साधारण १ ते २ टक्के उतार दिलेला असतो, म्हणजे १० फुटांत सव्वा ते जवळपास अडीच इंच. टेबलाची लांब बाजू उताराला आडवी ठेवली तर टेबल कमी कललेलं राहतं, आणि पायाखाली फिरवून उंची जुळवता येणारी बुचं असतील तर उरलेला प्रश्नही सुटतो. फरशी उंचसखल असेल तर ही बुचं नसलेलं टेबल कायम डुगडुगणार आणि त्या डुगडुगण्याने जोड ढिले होणार. छत्री लावणार असाल तर टेबलाच्या भोकावर भरवसा ठेवू नका, खाली जड बेस वेगळा हवाच, आणि वाऱ्यात छत्री मिटलेली हवी. उघडी छत्री टेबलासकट पडते.

गाद्या. जेवायच्या खुर्चीला शक्यतो घेऊच नका, ताणून बसवलेल्या जाळीच्या खुर्च्या घ्या, पीव्हीसीचा थर दिलेल्या पॉलिएस्टरची ती जाळी असते, पाणी आरपार जातं आणि पुसली की झालं. फक्त जाळी खराब झाल्यावर बदलता येते का, पट्टी स्क्रूने काढता येते का, ते घेतानाच विचारा. गादी हवीच असेल तर कापड सोल्यूशन-डाइड ॲक्रिलिक घ्या, त्यात धागा बनतानाच रंग मिसळलेला असतो त्यामुळे उन्हात लवकर उडत नाही, आतला फोम मोठ्या छिद्रांचा, पाणी लगेच सोडणारा हवा. दुपारच्या उन्हाचं म्हणाल तर गडद रंगाचा धातू टाळा, काळ्या ॲल्युमिनियमच्या हातावर उघडा हात ठेवून बघा एकदा म्हणजे कळेल.

वॉरंटीचा कागद वाचा, १० वर्षं असं मोठ्या अक्षरात असतं ते बहुधा फ्रेमचं, कोटिंग आणि कापडाची मुदत त्याच कागदात खाली बरीच कमी असते, आणि समुद्राजवळची जागा वगळलेली असू शकते. बुचं, बोल्ट, जाळी हे सुटं मिळतं का हे मी वॉरंटीपेक्षा वरचं मानतो.

देखभालीचं फार काही नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, वर्षातून दोन-चारदा, खाऱ्या हवेत जास्त वेळा. सागावर प्रेशर वॉशर मारू नका, मऊ भाग उडून जातो आणि लाकूड खरबरीत होतं. तारेचा काथ्या सागावरही नको आणि स्टेनलेसवरही नको, लोखंडाचे कण मागे राहतात आणि तेच गंजतात. क्लोरीनचं ब्लीच स्टेनलेसवर नको. कव्हर घालायचं तर हवा खेळणारं, बाजूला झरोके असलेलं, आणि ओल्या सेटवर कधीच नको. घट्ट प्लास्टिक गुंडाळून ठेवलेले सेट बुरशी घेऊन माझ्याकडे येतात, उघड्यावर पडलेले त्यापेक्षा बऱ्या अवस्थेत असतात.

तर तुमच्या जागी मी काय घेईन? सेट म्हणून एकत्र घेणारच नाही. टेबल गाभ्याच्या सागाचं, पट्ट्यांचं, राखाडी होऊ द्यायचं. खुर्च्या फिकट रंगाच्या, ॲल्युमिनियमच्या, जाळीच्या, एकावर एक रचता येणाऱ्या, म्हणजे जोराच्या पावसात कोपऱ्यात लावता येतात. खुर्च्या टेबलापेक्षा आधी थकतात, रोज ओढल्या जातात, त्या वेगळ्या घेतलेल्या असल्या की नंतर तेवढ्याच बदलता येतात. देखभाल शून्य हवी असेल तर टेबलही ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचंच घ्या, दोन्ही चालेल. विकर तुमच्या यादीतून काढून टाका.

सामान आल्यावर जोडताना सगळे बोल्ट आधी फक्त बोटांनी लावा, सेट त्याच्या कायमच्या जागेवर चारही पायांवर उभा करा आणि मग पाना घेऊन समोरासमोरचे आवळा, एकेक कोपरा पूर्ण आवळत गेलात तर चौकट वाकडी बसते. महिन्याभराने पुन्हा एकदा सगळे तपासा, आणि सोबत आलेला तो छोटा पाना आणि उरलेली बुचं कुठेतरी नीट ठेवून द्या.